सोमवारचा पारा

मी एक जुने, पाऱ्याचे रक्तदाब मोजण्याचे यंत्र आहे. मित्रांनो, मी आजवर एकदाही खोटा आकडा सांगितलेला नाही. तरी माझे कोणी ऐकत नाही, याचा मला फार संताप येतो.

माझा जन्म अंबाल्याच्या एका लहान कारखान्यात झाला. उभी काचेची नळी, तिच्यात पारा, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार. लीलाबाई मेश्राम यांनी मला घरी आणले. त्या मूळच्या भंडाऱ्याच्या आणि दिल्लीच्या एका सरकारी रुग्णालयात नर्स होत्या. सरोजिनी नगरच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये संध्याकाळी शेजारपाजारचे लोक बाही वर करून माझ्यासमोर बसत. लीलाबाई आकडा सांगत आणि लोक मुकाट्याने मीठ कमी करत. ते माझे मानाचे दिवस होते.

निवृत्तीनंतर लीलाबाई दिल्लीतल्याच द्वारका भागात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. मुलगा बुद्धभूषण सरकारी खात्यात इंजिनिअर होता. सून प्रभा शाळेत शिकवत असे आणि नात मैत्री आठवीत होती. घरात बॅटरीवर चालणारे नवे यंत्र होते. मग मी कपाटावर जाऊन बसले, सुटकेसच्या मागे.

बुद्धभूषण वाईट माणूस नव्हता. सोमवार ते शुक्रवार तो दारूला हात लावत नसे. शनिवारी मात्र कॉलेजचा मित्र अनुराग याच्याकडे चौघे जमत आणि तीन-चार तासांत तो आठ-नऊ पेग रिचवत असे. रविवारी सकाळी बुद्धवंदनेला तो आईशेजारी बसे. दारूपासून दूर राहण्याचे पाचवे शील म्हणताना त्याचा आवाज खाली जाई.

एका सोमवारी त्याचे डोके ठणकत होते. नव्या यंत्राचा आकडा पाहून तो म्हणाला, "बॅटरी गेली असेल." लीलाबाईंनी मला खाली काढले. माझा आकडा होता एकशे अडुसष्ट, खाली एकशे चार.

"आई, हे मशीनच म्हातारं झालंय," तो म्हणाला. "आणि मी काय रोज पितो? आठवड्यातून एकदाच तर होतं यार."

"भूषण, आठवड्याची सगळी तू एका दिवसात पितोस. हृदयाला काय कळतं, आज शनिवार आहे म्हणून?"

"अच्छा, पुढच्या महिन्यात दाखवतो डॉक्टरांना."

प्रभा म्हणाली, "आई, आत्ता नको. ऑफिसला उशीर होतोय त्यांना."

असे सहा सोमवार गेले. सहाही वेळा माझा पारा वरच होता. मी आणखी काय करायला हवे होते, सांगा. मला ओरडता येत नाही.

मग बढती मिळाली म्हणून शुक्रवारी आणि शनिवारी, सलग दोन दिवस पार्टी झाली. रविवारी दुपारी तो जेवायला बसला आणि त्याच्या हातातून चमचा गळून पडला. मैत्रीने तो उचलून दिला, तर पुन्हा पडला. तो काहीतरी बोलला, पण शब्द एकमेकांत अडकले.

"अजून उतरली नाही त्यांची," प्रभा वैतागून म्हणाली. "झोपू द्या त्यांना."

लीलाबाईंनी माझा पट्टा त्याच्या दंडाला गुंडाळला आणि स्टेथोस्कोप कानाला लावला. माझा पारा एका जागी ठरेना. ठोके कधी घाईने येत, कधी चुकत. त्यांनी पट्टा सोडला.

"भूषण, दोन्ही हात वर कर."

डावा वर राहिला. उजवा हळूहळू खाली आला.

"प्रभा, ही दारू नाही. अँब्युलन्स बोलव. मैत्री, किती वाजलेत ते लिहून ठेव, डॉक्टर विचारतील."

तो झटका मेंदूचा होता. अति दारूने हृदयाची लय बिघडली, आत रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूत जाऊन अडकली, असे डॉक्टरांनी सांगितले. वेळेत पोहोचल्यामुळे गुठळी विरघळवता आली. झोपू दिले असते तर ती वेळ निघून गेली असती.

बुद्धभूषण वाचला. आज पाच महिने झाले, त्याने दारूला स्पर्श केलेला नाही. पण उजव्या हाताला पूर्वीची ताकद नाही. शर्टाची बटणे मैत्री लावते. तो खिडकीबाहेर बघत राहतो.

परवा प्रभाने विचारले, "आई, तुम्ही तर नर्स. तुम्ही तेव्हाच का नाही ओढून नेलंत?"

लीलाबाईंनी माझा पट्टा नीट गुंडाळून ठेवला. मग म्हणाल्या, "परका पेशंट असता, तर पहिल्याच सोमवारी हाकलला असता दवाखान्यात. हा माझा मुलगा होता ना. मला तो आकडा खरा वाटायलाच नको होता."

मित्रांनो, मला या घरात आता रोज पुसतात, जपतात. त्याने माझा राग जात नाही. जपायचे होते ते मला नव्हे, त्याला. तुमच्या घरात कोणी "एकदाच तर पितो" म्हणत असेल, तर पहिलाच चढा आकडा दिसताच त्याला डॉक्टरांकडे न्या. आणि प्यायलेल्या माणसाची जीभ अडखळली, हात खाली आला, तर उतरेल म्हणून त्याला झोपवू नका. मी फक्त आकडा सांगू शकते. उठून उभे राहायचे काम तुमचे आहे.