अठरावं अंडं

शाळेत येण्याआधी मावशींनी नऊ वर्षं इस्पितळाच्या भटारखान्यात काढली होती, त्यामुळे हाताला शिस्त होती. अडीचशे मुलांचा भात त्या डोळ्यांनीच मोजायच्या आणि शेवटच्या मुलाच्या ताटात पहिल्याइतकाच पडायचा. पोरं त्यांना पाठीमागे डावमावशी म्हणत, कारण त्यांच्या हातातला डाव खाली ठेवलेला कुणी पाहिला नव्हता. बोलतानाही तोच हवेत फिरायचा. मावशींना हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

स्वयंपाकघर शाळेच्या मागच्या अंगाला होतं. वर पत्रा, दोन मोठ्या शेगड्या, एक खिडकी आणि मागच्या गल्लीत उघडणारं दार. जेवणाच्या खोलीत लांबलचक बाकं. भात आणि कालवण सगळ्यांना मिळायचं, पण उकडलेलं अंडं आणि पेलाभर दूध फक्त यादीतल्या मुलांना. ही यादी नर्सबाईंची. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या वजनकाटा घेऊन व्हरांड्यात बसत आणि वयाच्या मानाने ज्यांचं वजन फारच कमी, त्यांची नावं लिहीत. त्या वर्षी यादीत अठरा मुलं होती.

चार महिन्यांत सतरा मुलांची वजनं वाढली. अठरावी तेवढी जागची हलली नाही. आठ वर्षांची मुलगी, साडेसतरा किलो. वर्गात तिला काडी म्हणत. बापाचा पत्ता नव्हता, आई हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत कामाला होती.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मावशींना खोलीत बोलावलं. बसा म्हणाल्या नाहीत.

"मावशी, अंडी अठराच उकडता ना?"

"अठराच. टरफलं बादलीत ठेवते, तुम्ही सांगितल्यापासून."

"टरफलं कोणीही भरून ठेवील हो. तुमच्या आधीची बाईसुद्धा ठेवायची." मोठ्या बाई कागदावरून नजर न उचलता बोलत होत्या. "मुलीच्या पोटात जात नाही, हे काटा सांगतोय. मग जातं कुठे, हे तुम्ही सांगा."

मावशींच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. नऊ वर्षांत त्यांनी इस्पितळातली साखरेची चिमूट घरी नेली नव्हती. त्या दिवशी त्यांना दुपारचं जेवण गेलं नाही. एवढीशी पोर, आणि हिच्यापायी माझ्या नावाला काळं, हा एकच विचार डोक्यात घण घालत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काडीवर नजर ठेवली. चोर सापडायला तीन दिवस पुरले. काडी भात खायची, दूध प्यायची, अंडं तोंडाशी न्यायची, आणि खोकला आल्यासारखं करून मान खाली घालायची. मान वर यायची तेव्हा हात रिकामा असायचा.

चौथ्या दिवशी मावशी तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"उभी राहा. खिसा उलटा कर."

काडी उठली, पण खिशावरचा हात काही काढेना. अडीचशे पोरं चमचे थांबवून बघत होती. मावशींनी स्वतःच तिच्या खिशात हात घातला. रुमालाची पुरचुंडी निघाली. त्यात अंडं, दाबून चपटं झालेलं, पिवळं बाहेर आलेलं. मावशींनी ती पुरचुंडी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"हे बघा. माझ्यावर आळ, आणि अंडी घालतेय ही."

खोलीत हशा पिकला. मागच्या बाकावरून कुणीतरी कोंबडीसारखं 'कॉक-कॉक' केलं आणि मग सगळी खोलीच 'कॉक-कॉक' करू लागली. मावशींनाही हसू आवरलं नाही. किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं होतं.

काडी त्या गलक्यात काहीतरी बोलली. मावशी जवळ होत्या, त्यांना स्पष्ट ऐकू आलं.

"धाकटीसाठी आहे ते. ती अजून शाळेत येत नाही."

"येईल तेव्हा तिला मिळेल," मावशी म्हणाल्या. "हे तुझ्या नावचं आहे."

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पुरचुंडी पाहिली, आणि मावशींची माफी न मागता उपाय सांगितला. मुलीला बाकावर बसवायचं नाही. तुमच्या शेजारी स्टुलावर बसवा आणि डोळ्यांदेखत खाऊ घाला. नर्सबाईंनाही ते पटलं. त्या तशा वाईट नव्हत्या. त्यांनी मावशींना नीट समजावलं, की एक अंडं दोघींत वाटलं गेलं तर दोघीही अर्धवट राहतील. एक तरी धड उभी राहू दे.

तेव्हापासून काडी शेगडीजवळच्या स्टुलावर बसू लागली. पहिले काही दिवस तिला घास गिळवेना. मावशी डाव हातात घेऊन समोर उभ्या राहत.

"चाव. आता गीळ. आ कर बघू. जीभ वर. गालात काय आहे?"

काडी आ करायची. मावशी वाकून, मान तिरकी करून, दाढांच्या मागपर्यंत बघायच्या. एकदा तिला उलटी झाली. मावशींनी ती पुसली, तोंड धुतलं, आणि दुसरं अंडं नसल्यामुळे तिला पेलाभर दूध जास्त दिलं. त्यांच्या मते ही माया होती.

बाहेर पोरं तिला आता कोंबडी म्हणत. काडी हे नाव मागे पडलं.

पावसाळ्याच्या शेवटी एका दुपारी मागचं दार वाजलं. काडीची आई उभी होती. लाँड्रीचा निळा झगा अंगावर, बोटांची टोकं वाफेने पांढरी पडून सोललेली. कडेवर धाकटी. चार वर्षांची असेल, पण दोन वर्षांच्या पोरीएवढी दिसत होती.

"मावशी, जेवणं झाल्यावर कालवण उरतं का हो थोडं?"

"उरतं. पण देता येत नाही. उरलेलं फेकायचं, असा नियम आहे."

"फेकण्यापेक्षा हिला दिलंत तर कुणाचं काय जाईल? घरी ही नुसत्या पाण्यात भिजवलेल्या पावावर आहे. मोठी आणायची काहीबाही, आता तेही नाही." तिने 'आता' या शब्दावर जोर दिला नाही. सहज बोलून गेली. "संध्याकाळ झाली की हिला नीट दिसत नाही. दाराच्या चौकटीवर आपटते."

इस्पितळात मावशींच्या कानावर असं काहीतरी पडलं होतं. पोटात सत्त्व गेलं नाही की मुलांची नजर संध्याकाळी मंदावते, असं डॉक्टर कुणाला तरी सांगत होते. पण त्याच वेळी समोरच्या व्हरांड्यात मोठ्या बाईंच्या चपला वाजल्या. मावशींनी कालवणाचं पातेलं उचललं, पिंपात ओतलं आणि वर फिनेलची बाटली उपडी केली. फिनेल घालायचाही नियमच होता, उरलेलं कुणी विकू नये म्हणून. दारातल्या दोघी बघत होत्या. धाकटीने वास आला तसं नाक मुरडलं आणि आईच्या खांद्यात तोंड लपवलं.

"डॉक्टरांना दाखवा हिला, ताई," मावशी म्हणाल्या.

"दाखवते," आई म्हणाली, आणि गेली.

त्या महिन्यात काडीचं वजन वीस किलो भरलं. नर्सबाईंनी काटा दोनदा पाहिला आणि मावशींचा हात हातात घेतला. वरून पाहणीला माणसं आली, त्यांनी काडीचा भिंतीजवळ उभं करून फोटो काढला. यादीत नाव आलं तेव्हाच्या फोटोशेजारी तो लावला तर ओळखू येऊ नये इतका फरक. मावशींना प्रमाणपत्र मिळालं. मोठ्या बाईंनी ते स्वतःच्या हाताने दिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अशी माणसं हवीत."

आणि वजन वाढलं म्हणून पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी काडीचं नाव यादीतून गेलं. स्टूल उचललं. अंडं बंद, दूध बंद.

त्यानंतर पंधरा दिवसांनी वस्तीत गोवराची साथ आली. शाळेतली बरीच पोरं आजारी पडली, आठवडाभर झोपली आणि उठून पुन्हा दंगा करू लागली. काडीही आली, तीन आठवड्यांनी. अंगावर डाग होते, पण चेहरा बरा होता. मावशींनी तिच्या ताटात भात वाढताना विचारलं,

"धाकटीला आला होता का गोवर?"

"आला होता."

"आता कशी आहे?"

"बरी आहे. डोळे गेले."

मागच्या मुलाने ताट पुढे केलं. मावशींनी वाढलं. त्याच्या मागच्यालाही वाढलं. सगळी रांग संपेपर्यंत त्या वाढत राहिल्या. मग आत जाऊन नळ सोडला आणि धुतलेली पातेली पुन्हा धुवायला घेतली.

सोमवारी त्या नर्सबाईंपाशी गेल्या. नर्सबाई काट्यावरची धूळ पुसत होत्या.

"गोवराने डोळे जातात का हो?"

"धडधाकट मुलाचे सहसा नाही जात. आधीच अंगात काही नसेल तर जातात. बुबुळ मऊ पडतं, फुटतं. दोन दिवसांत खेळ संपतो."

"आणि आधी थोडं अंडं, दूध, पालेभाजी पोटात गेली असती तर?"

नर्सबाईंनी फडकं खाली ठेवलं. त्यांना खोटं बोलता आलं असतं. "कदाचित वाचले असते. नक्की कोण सांगणार? अर्ध्या अंड्यानेही कधीकधी निभावतं." मग मावशींचा चेहरा बघून त्या घाईने म्हणाल्या, "पण तुम्ही जे केलंत ते बरोबरच होतं. मोठी वाचली ना तुमच्यामुळे. ते कोण नाकारेल?"

मावशींनी मान हलवली. नाकारत कोणीच नव्हतं.

नव्या वर्षी धाकटी पाच वर्षांची झाली. अशा मुलीला घ्यायचं की नाही यावर मोठ्या बाईंनी बरीच खळखळ केली, पण नर्सबाई हटून बसल्या, म्हणून तिला घेतलं. पहिल्याच सोमवारी काट्यावर उभं केलं तेव्हा ती अकरा किलो भरली. नाव यादीत सगळ्यात वर लागलं. धाकटीला बाकावर धक्के बसतात म्हणून तिच्यासाठी वेगळी जागा शोधली. जागा एकच होती, शेगडीजवळची.

मावशी तिच्या हातात अंडं ठेवत. ती आधी ते गालाला लावून बघायची, गरम आहे म्हणून हसायची आणि मग हळूहळू खायची, एक कणही न सांडता. तिला बोलायला फार आवडायचं. डावाचा आवाज झाला की विचारायची, "मावशी, आता काय ढवळताय?" मावशी सांगत. तिच्याइतकं त्यांच्याशी गोड कुणी बोलत नव्हतं, आणि तेच त्यांना सहन होत नव्हतं.

एके दिवशी मावशींनी घरून एक अंडं उकडून आणलं. शाळा सुटल्यावर काडी धाकटीला न्यायला मागच्या दाराशी आली, तेव्हा त्यांनी ते तिच्यापुढे धरलं.

"हे माझ्या घरचं आहे. यादीतलं नाही. खा."

"नको."

"का गं? कुणी बघत नाही."

"मला वास सहन होत नाही अंड्याचा. उलटी होते." ती उर्मटपणे बोलली नाही. पाहुण्यांकडे एखादा पदार्थ नाकारावा तसं अदबीने म्हणाली.

मावशींच्या तोंडून निघून गेलं, "मला तेव्हा कळलं असतं गं, तर..."

"मी सांगितलं होतं की तुम्हाला."

मावशी अंडं तसंच हातात धरून उभ्या राहिल्या. काडीने बहिणीच्या दप्तराचा पट्टा सारखा केला, तिचा हात आपल्या कोपराला लावून घेतला आणि दोघी निघाल्या. दाराशी थांबून तिने सांगितलं, "खाली पायरी आहे. एक. आता आणखी एक." धाकटीने पाय चाचपत टाकले. गल्लीत खेळणाऱ्या पोरांतल्या कुणीतरी कोंबडीसारखं 'कॉक-कॉक' केलं. काडीने तिकडे पाहिलं नाही.

"ताई, कोंबडी आहे का इथे?" धाकटीने हौसेने विचारलं. "कुठे आहे? मला हात लावू दे ना."