गॅसवाल्या बाई

"हो बाई, दाबतो. दोनच दाबू ना? हे घ्या, दाबलं बाई."

तांदूळ पाखडता पाखडता अलकाचे हात थबकले. ओसरीवर कोणी पाहुणा आला असावा, कारण इतक्या मऊ आवाजात या घरात कोणी बोलत नसे. सूप ठेवून ती दाराशी आली. खाटेवर तिचा नवरा देवीदास बसला होता. मुलाने, राजदीपने, नागपूरहून आणलेला मोबाइल कानाशी, खांद्यावरचा दुपट्टा नीट घडी करून मांडीवर.

"बरं बाई, थांबून रायलो. तुमचं होऊ द्या निवांत."



देवीदासने हयात अर्जुनी मोरगावच्या राइस मिलमध्ये घालवली. तिथल्या घरघरीत कान गेले आणि गळा चढला, म्हणून तो ओरडतो, असं अलका लग्न झाल्यापासून सांगत आली होती. शेजारच्या गीताबाईंनी "मानूस होय का ढोल होय वं?" विचारलं, तेव्हाही हेच. भर पाहुण्यांत "मीठ कोन टाकन, तुहा बाप?" म्हणत त्याने ताट सरकवलं, त्या दिवशीही हेच. लोकांना पटो न पटो, तिला ते पटलेलं होतं. त्या एका गोष्टीवर तिने संसार रेटला होता. आणि आज पाहते तर कानही धड, गळाही धड!

"कोनासंगं बोलून रायले?" तिने कसंबसं विचारलं.

"गॅसवाल्या बाई. सिलिंडरचा नंबर लावून रायलो." तो अजूनही कुजबुजतच होता.

"बाई नाई ते. मशीन होय. राजदीपनं सांगलं नाई का?"

"मशीन असली म्हनून काय झालं? आयक, किती मायेनं बोलते. तिच्यासंगं आडवं कायले बोलाव?"

त्याने फोन तिच्या कानाला लावला. 'कृपया प्रतीक्षा करा,' बाई म्हणत होती. पुन्हा पुन्हा, न चिडता.

"अन् माह्यासंगं?"

देवीदासला प्रश्नच कळला नाही. "तुह्यासंगं काय? तू त घरचीच आहेस."

अलका परत सुपाकडे गेली.

गॅस संपला होता, म्हणून संध्याकाळी ती चुलीपुढे भाकरी थापत होती. ओसरीवरून नेहमीची आरोळी आली.

"पानी आन वं! बहिरी झाली का?"

तिने मान वळवली नाही. त्या बाईच्याच सुरात म्हणाली, "कृपया प्रतीक्षा करा."

"हो बाई, थांबून..."

देवीदासने मान वर करून पाहिलं. मोबाइल समोर खुंटीला पिशवीत होता, बंद. मग तो उठला आणि स्वयंपाकघरात आला.

पाण्याच्या गुंडाशी उभा राहून त्याने फळी पाहिली, कोनाडा पाहिला, पुन्हा फळी पाहिली. अलकाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. या माणसाला स्वतःच्या घरात ग्लास कुठे असतो ते ठाऊक नव्हतं! तिला हसू येईल असं वाटलं होतं, पण डोळे भरून आले.

ग्लास कुठे ते तिने सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. शेवटी त्याने गुंडावरच्या झाकणीतच पाणी घेतलं आणि उभ्याउभ्या प्यायला. ग्लास त्याच्या कोपराशीच पालथे घातलेले होते.