जुलैत उघडणारी शाळा

घरी कामाला असलेली योसेफिना गावी परत जाणार, हे एकताला कळलं ते शेजारणीच्याही नंतर. सगळ्यांत आधी कळलं एकताच्या अडीच वर्षांच्या जान्हवीला. ब्लॉकखालच्या झोपाळ्यावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "यो गो बोट. नो कम बॅक ला." पण एकताचं सगळं लक्ष त्या 'ला'कडे. पोरीच्या तोंडी हे असलं सिंगापुरी इंग्रजी बसत चाललंय, एवढंच तिच्या मनाला लागलं.

मग समोरच्या फ्लॅटमधल्या विनीतानं लिफ्टमध्ये विचारलं, की तुमची मेड जाते आहे म्हणे, दुसरी बघितली का. विनीताकडची बाई आणि योसेफिना रविवारी एकाच चर्चला जात, त्यामुळे बातमी पक्की. एकता हसून म्हणाली, छे, मुदत वाढवायचे कागद तर आम्ही परवाच एजंटकडे दिलेत. सातवा मजला येईपर्यंत तिनं ते हसू कसंबसं टिकवलं.

कागद खरोखरच दिले होते. योसेफिनाचा दोन वर्षांचा करार जूनअखेर संपत होता आणि एक जुलैला एकता नोकरीवर हजर व्हायची होती. नागपूरची मायक्रोबायॉलॉजीची एमएस्सी, पण लग्न करून सिंगापूरला आल्यापासून चार वर्षं ती नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या डिपेंडंट पासवर हौगांगच्या या फ्लॅटमध्ये बसून होती. अर्ज किती केले ते मोजायचं तिनं सोडून दिलं होतं. एका प्रयोगशाळेनं अखेर होकार दिला, तो २००६ सालच्या मे महिन्यात. आणि तो सगळा डोलारा उभा होता योसेफिनावर. जान्हवीला शेंगदाण्याची अॅलर्जी. एकदा सातेचा, म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीतल्या कबाबाचा, एक घास पोटात गेला तर ओठ टम्म सुजून श्वास लागला होता. तेव्हापासून दुकानातलं प्रत्येक पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचणारी, घरच्या माणसांखेरीज एकताला विश्वासाची वाटणारी बाई एकच होती.

वर येऊन ती थेट स्वयंपाकघरात गेली. योसेफिना खाली बसून सुक्या मासळीची डोकी खुडत होती. दोघींचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चाले, आणि दोन वर्षांत त्यात थोडं मराठी, थोडं इंडोनेशियन मुरलं होतं.

"जायचंच होतं तर सही कशाला केलीस?"

"तुम्ही बोट ठेवलंत तिथं केली, मॅम."

बोट तिनंच ठेवलं होतं. विचारायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण त्यात विचारण्यासारखं काय होतं? योसेफिनाचं गाव तिला ऐकून पाठ झालं होतं. इंडोनेशियातल्या फ्लोरेसच्या पूर्वेला एक बेट, त्या बेटाच्या पाठीमागे आणखी एक छोटं बेट, त्यावरची चाळीस घरं. पंधरवड्याला एक जहाज, तेही धक्का नाही म्हणून समुद्रातच थांबायचं आणि माणसं, बकऱ्या, सिमेंटची पोती होडीत उतरवायची. डिसेंबरात पश्चिमेचा वारा सुटला की मार्चपर्यंत तेही नाही. वीज संध्याकाळी तीन तास. फोन लावायला चर्चमागची टेकडी चढायची. तरणे पुरुष मलेशियात पामच्या मळ्यांवर. योसेफिनाचा नवराही गेला, आणि तिसऱ्या वर्षी त्याचा निरोप यायचा थांबला. अशा गावातून बारावी झालेली बाई एकदा बाहेर पडली, तर ती परत कशाला जाईल? एकतानं तिच्यासाठी रविवारचा कोर्सही शोधून ठेवला होता, आजारी माणसांची देखभाल शिकवणारा. सर्टिफिकेट मिळणार होतं.

योसेफिनानं मासळीचं ताट बाजूला सारलं आणि सगळं सांगितलं. गावच्या शाळेचा मास्तर ईस्टरला गेला तो परतलाच नाही, त्याच्या आधीचे तिघेही असेच गेले होते. जिल्ह्याच्या कचेरीनं कळवलं की बारावी झालेलं कुणी गावातलंच माणूस जुलैत हजर असेल तर शाळा उघडेल, नाहीतर पोरं शेजारच्या बेटावर वसतिगृहात पाठवा. गावात बारावी झालेली ती एकटीच. तिची लेक मारिया, आजीपाशी राहणारी, आता सात वर्षांची.

"मी या बेटावर, आई त्या बेटावर, आणि मारिया तिसऱ्या. तीन बेटं होतात, मॅम."

एकतानं तिला समजावलं, मग रागावून समजावलं. तिथं कचेरी पगार म्हणून जेमतेम तांदूळ देईल. वारा सुटला की पुस्तकं यायची नाहीत. आजारी पडलीस तर? आणि वर्षभरानं शाळा तरीही बंद झाली तर काय, तिथं बसून वाट बघणार?

"तुम्ही नाही का चार वर्षं बसलात," योसेफिना म्हणाली, "एका पत्राची वाट बघत?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच एकताचा जास्त संताप झाला.

एकताच्या माहेरी 'गाव' हा शब्द एखाद्या बऱ्या झालेल्या आजाराच्या नावासारखा उच्चारला जाई. बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितलं आणि आजोबांनी सोडलं. त्यानंतर सुट्टीतही कुणी 'गावी जाऊ या' म्हटलं नव्हतं. पुढे जायचं म्हणजे गावापासून लांब जायचं, हे तिनं बाराखडीसोबतच शिकून घेतलं होतं.

संध्याकाळी तिचा नवरा प्रफुल्ल जुरोंग आयलंडवरच्या रसायनांच्या प्लांटहून आला, गळ्यात पास तसाच. सगळं ऐकून म्हणाला, दुसरी बाई बघू. मग पास काढून ठेवत, "तुला जॉइनिंग थोडं पुढे नाही ढकलता येणार?"

"तू ढकल ना तुझा प्लांट," एकता म्हणाली.

नागपूरला फोन करून तिनं सासूबाईंना विचारलं. लीलाबाईंना महिन्याचा व्हिसा मिळाला असता, पण त्यांच्या गुडघ्यांना जान्हवीमागे धावणं जमलं नसतं. मग एकतानं तक्रार सुरू केली, की बघा ना आई, शिकलेली बाई, आणि चालली परत गावात.

"आमच्या गावात मास्तर होता व बाई," लीलाबाई म्हणाल्या. "आमच्या पोरांना दाराबाहेर बसवणारा. म्हणून सोडलं गाव. हिच्या गावात मास्तरीण हीच. हिला कोण बाहेर बसवंल?"

"आणि माझी नोकरी?"

"ते बी खरंच आहे," लीलाबाई म्हणाल्या.

एकतानं प्रयोगशाळेला सहा आठवडे मागितले. दुसऱ्याच दिवशी गोड भाषेत नकार आला: एक जुलैला हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. आणि त्याच दुपारी एजंटचा फोन: मुदतवाढीसाठी मेडिकल गुरुवारी आहे, मॅम, हिला दहा वाजता क्लिनिकमध्ये आणा.

योसेफिना बाल्कनीत बांबूवर कपडे वाळत घालत होती. तिचा पासपोर्ट एकताच्या कपाटात होता, तो असा ठेवायची सगळ्याच घरांत पद्धत. गुरुवारी नुसतं 'चल' म्हटलं असतं तरी ती चपला घालून निघाली असती, हे एकताला पक्कं ठाऊक होतं. एकच वर्ष, मग पाठवू. पण शाळा पुढच्या वर्षी उघडणार नव्हती, या जुलैत उघडणार होती. आणि चार वर्षं आपल्यालाही कुणी ना कुणी 'एकच वर्ष' म्हणत आलं होतं.

"कॅन्सल करा," ती फोनवर म्हणाली.

एजंटनं दोनदा विचारलं, मॅम शुअर का, चांगली मेड सहज मिळत नाही. एकता शुअर नव्हती. तिनं फोन ठेवला, कपाटातून पासपोर्ट काढून टेबलावर आपटला, आणि मग उगाचच सगळी धुतलेली भांडी पुन्हा घासली.

रविवारी दुपारी प्रफुल्ल जान्हवीला घेऊन खाली गेला होता. योसेफिना चर्चहून आली ती हातात वही घेऊन. दारातच घुटमळली.

"मॅम, मला अपूर्णांक येत नाहीत. पाचवीला आहेत."

एकतानं तिच्याकडे बघितलं. हिच्यापायी आपली नोकरी गेल्यातच जमा, हिच्या जागी येणारी कोण कशी असेल कुणास ठाऊक, पाकिटावरची बारीक अक्षरं ती वाचेल की नाही, आणि ही मात्र वही घेऊन उभी.

"बस," ती म्हणाली.

एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. योसेफिनानं बराच वेळ ओठ हलवले आणि लिहिलं, दोन पंचमांश.

"अर्ध्यात भर घातलीस आणि अर्ध्याहून कमी झालं? पोरांना हे शिकवणार?" एकताचा आवाज चढला. तिनं ते उत्तर इतक्या जोरात खोडलं की कागद फाटला. मग तिनं नवं पान उलटलं आणि पेन्सिल योसेफिनाच्या हातात दिली.

"पुन्हा कर."