उशिराला शून्य

दर ऑगस्टमध्ये मी अमेरिकन इतिहासाच्या वर्गाला चार पानी नियमावली वाटायचे. काय अपेक्षा, कशाला किती गुण, उशीर केला तर काय, नक्कल केली तर काय. मुलं ती घरी न्यायची, आईबाप न वाचता सही ठोकायचे, आणि ऑक्टोबरात तेच आईबाप माझ्या टेबलापुढे उभे राहून विचारायचे, "हे कुठं लिहिलंय?" इतकी वर्षं हा तमाशा केला. यंदा म्हटलं, पुरे. या देशातल्या माणसांनी एका खोलीत बसून स्वतःचे कायदे कसे लिहिले, हेच वर्षभर शिकायचंय ना? मग बसा आणि तुमचे नियम तुम्हीच लिहा.

माझी अट एकच होती. निबंध हातानं लिहायचा आणि कागद माझ्या हातात द्यायचा. हल्ली यंत्राला दोन ओळी सांगितल्या की ते दहा पानं ओकतं. ती वाचत बसायला मला वेळ नाही.

वर्गात एकोणीस मुलं. चार दिवस नुसता बाजार भरला होता. कुणी म्हणे गृहपाठच नको, कुणी म्हणे शुक्रवारी परीक्षा नको. त्या सगळ्यांना गप्प केलं एमरी थेरियोनं. एमरीच्या घरी नदीकाठी बटाट्याची शेती, पण पोरगा बोलायला उभा राहिला की वकिलाच्या घरात वाढल्यासारखा.

"गेल्या वर्षी मी जागरणं करून वेळेत दिलं," तो म्हणाला, "आणि ज्यांनी आठवड्यानं आणून टाकलं त्यांनाही तेवढेच गुण. यंदा ते चालणार नाही. उशीर झाला की शून्य. कारण नाही, रडगाणं नाही. आणि नियम बदलायचा तर वर्गातल्या प्रत्येकाचा होकार पाहिजे. नाहीतर रोज कुणीतरी नवं टुमणं लावेल."

टाळ्या पडल्या. सगळ्यांनी हात वर केले. मागच्या बाकावरच्या ब्रिएल सूसीनंही केला, जरा उशिरा.

मी मनातून खूश. इंग्रजांशी लढताना आपल्या मूळ तेरा राज्यांनी एकत्र राहायचा पहिला करार केला तेव्हा त्यातही हीच मेख होती. बदल करायचा तर तेराच्या तेरा हवेत. मग एकटं चिमुकलं ऱ्होड आयलंड राज्य नाही म्हणालं आणि बाकी बारा चरफडत बसले. हा धडा मला ऑक्टोबरात शिकवायचा होता, आणि तो पोरांनी आयता माझ्या हातात दिला.

बाहेर शेतात बटाट्याचा पाला अजून हिरवागार होता. आमच्याकडे शाळा ऑगस्टच्या मध्यालाच सुरू होते, ती केवळ सप्टेंबरात तीन आठवडे बंद ठेवून पोरांना काढणीला सोडता यावं म्हणून. या खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण नियम लिहिताना काढणीची आठवण एकालाही झाली नाही. मलाही नाही, आणि माझा जन्म इथलाच.

पहिला निबंध वसाहतींवर होता, गुरुवारी द्यायचा. गुरुवारी ब्रिएल आली नाही. शुक्रवारी आली आणि कागद माझ्या टेबलावर ठेवून उभी राहिली. तिची आई वृद्धाश्रमात रात्रपाळी करते, घरी धाकटा भाऊ आहे, त्याला दमा आहे. हे मला माहीत होतं, वर्गाला नव्हतं.

"घेता का, मिसेस मिशो?" तिनं हळूच विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत पुढच्या बाकावरून एमरी म्हणाला, "नियम म्हणजे नियम. त्यात तुझं-माझं नाही."

खवचटपणे नव्हता म्हणाला. त्याला ते मनापासून पटलेलं होतं, आणि तेच जास्त बोचलं. ब्रिएलनं कागद उचलला, घडी केली आणि दप्तरात ठेवला. मी तिच्या नावापुढे शून्य लिहिलं. दिवसभर मला कशात गोडी वाटली नाही.

मग काढणीची सुट्टी लागली आणि पाऊस लागला. इतका की नांगरटीत ट्रॅक्टर रुतायला लागले. सुट्टी संपली तरी थेरियोंचा एक तृतीयांश बटाटा मातीतच होता आणि कडाक्याची थंडी दारात. जमीन गोठली की बटाटा गेलाच. एमरी शाळा उघडल्यावरही आठवडाभर शेतात राहिला. शाळेनं गैरहजेरी माफ केली, तसं दरवर्षीच करतात. पण सोमवारी द्यायचा मोठा निबंध, राज्यघटनेवरचा, त्यानं शुक्रवारी आणून दिला. हात सोललेले, नखांत माती, आणि चेहरा असा की माझ्याच्यानं बघवेना.

या शून्यानं काय जाणार, हे तो जाणून होता. जानेवारीपासून सहा महिने किनाऱ्यावरच्या एका निवासी शाळेत त्याला जागा मिळाली होती. तिथं पोरं होडीतून जाऊन समुद्राचा अभ्यास करतात. लहानपणापासून या बटाट्याच्या पोराला समुद्राचं वेड, आणि आख्ख्या आयुष्यात समुद्र पाहिला दोनदा. त्या जागेची अट होती की पहिल्या तिमाहीत एकाही विषयात 'ब'च्या खाली घसरायचं नाही. मोठ्या निबंधाला शून्य म्हणजे इतिहासात थेट 'ड'.

शनिवारी किराणा दुकानात त्याचा बाप भेटला. रेजिनाल्ड माझाच जुना विद्यार्थी, पन्नाशीला आला तरी मला मिसेस मिशोच म्हणतो.

"पोराला मीच थांबवून घेतलं," तो म्हणाला. "शिक्षा द्यायची तर मला द्या. हा कसला नियम आणि केला तरी कुणी?"

"तुझ्याच पोरानं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग कॉफीच्या डब्यांकडे बघत राहिला. "आईवर गेलाय," शेवटी म्हणाला. "पण मिसेस मिशो, शिक्षक तुम्ही. तुम्ही बदला म्हटलं की बदलणार."

बदलता आलं असतं. मुख्याध्यापकांनीही तेच सुचवलं. पण ब्रिएलचा कागद परत घडी होऊन गेला तेव्हा मी गप्प होते, आणि आता थेरियोंच्या पोरासाठी माझ्या अंगात राजा संचारणार? मी नाही म्हटलं. झोप मात्र उडाली, हे खोटं का बोलू.

सोमवारी एमरीनं वर्गापुढे ठराव मांडला. काढणीमुळे उशीर झाला तर निबंध स्वीकारावा. अर्ध्या वर्गाच्या नखांत अजून माती होती. पटापट हात वर गेले. अठरा.

ब्रिएलचा हात बाकावरच होता.

"काय हे, ऱ्होड आयलंड," कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. ती नाही हसली.

"बटाटा आजारी पडला तर सूट," ती म्हणाली, "आणि माझा भाऊ आजारी पडला तर शून्य. ज्यांच्याकडे शेत आहे त्यांच्यापुरताच नियम हलणार का? मग मी नाही हात वर करत."

वर्गात गलका झाला. कुणी तिला समजवायला गेलं, कुणी टोमणे मारायला लागलं. मी टेबलावर डस्टर आपटला आणि म्हटलं, "तिचा हक्क आहे. तुम्हीच दिलाय." तिमाहीचे गुण शुक्रवारी बंद होणार होते.

शाळा सुटल्यावर एमरी माझ्याकडे भांडायला आला. भांडण सुरू होणार तोच ब्रिएल विसरलेला कोट घ्यायला आत आली. मग मला कोण विचारतंय.

"तुला नेमकं हवंय काय?" एमरीनं तिला विचारलं.

"काही नाही."

"सूड उगवतेस."

"हो, थोडा," ती म्हणाली आणि कोट घालायला लागली.

एमरी तिच्यामागे दोन पावलं गेला. "तेव्हा सांगायचंस ना, भाऊ आजारी आहे म्हणून."

"विचारलंस तू? कारण नाही, रडगाणं नाही. तुझेच शब्द." कोटाची चेन अडकली होती, ती तिच्याशी झटत होती. "आणि निबंध लिहून तयार होता. बुधवारीच. गुरुवारी दिवसभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून होता. आई झोपलेली, माझ्या भावाला, रेमीला, वाफ द्यायची होती. आणायला कुणी नव्हतं, एवढंच."

"मी रोज ट्रक घेऊन तुझ्या घरावरूनच येतो," एमरी म्हणाला.

"माहितीय. त्या दिवशी रेमीचा जेमतेम डोळा लागला होता, तुझ्या ट्रकच्या आवाजानं उठला."

चेन लागली आणि ती निघून गेली. एमरी तिथंच उभा. माझ्याशी भांडायचं राहूनच गेलं. म्हणाला, "मी एक हॉर्न दिला असता तरी झालं असतं, मिसेस मिशो. तिनं दारात येऊन दिला असता कागद."

"हो," मी म्हटलं. खोटा दिलासा द्यायचा मला कंटाळा आहे.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा वर्गापुढे उभा राहिला. या वेळी वकिलासारखं बोलणं जमत नव्हतं, कान लाल झाले होते.

"कालचा ठराव मी मागे घेतो. नवा असा आहे. उशीर झाला तर शून्य देण्याआधी विचारायचं, का झाला. कारण खरं असलं तर निबंध घ्यायचा, पाच गुण कापून. शेत असो, घर असो, काहीही असो."

"खरं-खोटं कोण ठरवणार?" खिडकीजवळून प्रश्न आला.

"मिसेस मिशो. त्यांना थापा कळतात." यावर कुणी वाद घातला नाही, म्हणजे तीस वर्षांत काहीतरी कमावलं मी. "आणि हा नियम पहिल्या दिवसापासून लागू. म्हणजे ब्रिएलचा वसाहतींवरचा निबंध धरायचा."

"आणि तुझा?"

"माझा नका धरू," एमरी म्हणाला. "शून्याचा नियम माझाच होता. मी म्हणालो होतो, मी भोगतो."

समुद्र, होडी, सगळं तो पोरगा त्या एका वाक्यात सोडून बसला होता.

"मला मान्य नाही," मागून ब्रिएल म्हणाली.

सगळ्यांनी कपाळाला हात लावला. "आता काय," कुणीतरी कण्हलं.

"म्हणजे हा हुतात्मा होणार आणि आम्ही जन्मभर त्याचं कौतुक ऐकायचं? जमणार नाही. त्याचाही निबंध धरा, नाहीतर माझा हात खालीच."

आधी एक पोरगी फिसकन हसली, मग सगळा वर्ग. एमरीही हसला, डोळे पुसत. मी म्हटलं, हात वर करा. एकोणीस हात वर गेले, आणि त्या भरात माझाही गेला.

"तुम्हाला मत नाही, मिसेस मिशो," ब्रिएल म्हणाली. मी हात खाली घेतला.

दोन्ही निबंध मी त्याच संध्याकाळी तपासले, आणि कुणालाही दान म्हणून एक गुण दिला नाही. ब्रिएलची ती घडी उलगडताना मला लाज वाटली. कागद दुमडून दुमडून मऊ झाला होता, आणि आत वर्गातला सर्वांत चांगला निबंध होता. एमरीच्या पानांवर मातीचे अंगठे उमटले होते, शेवट घाईत गुंडाळला होता आणि दोन ठिकाणी वाक्यं अर्धीच होती, बहुतेक झोप लागल्यामुळे. पाच कापून तो 'ब'च्या उंबऱ्यावर जेमतेम उभा राहिला. जागा राहिली. सांगितलं तेव्हा त्यानं आधी विचारलं, "तिला किती?"

सांगितलं. "बरं झालं," म्हणाला, आणि तोंड जरा वाकडं केलं. पहिला नंबर गेल्याचं दुःख एवढ्या लवकर कुठं जातं.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात पुढचा निबंध होता. सकाळी ब्रिएलचा बाक रिकामा. मी मनात म्हटलं, रेमीला पुन्हा खोकला झाला असणार. हरकत नाही, उद्या विचारू, नियम आहे आता.

घंटेच्या जरा आधी एमरी आत आला, बुटांचा बर्फ झटकत. माझ्या टेबलावर त्यानं दोन निबंध ठेवले. एक त्याचा. दुसऱ्यावर ब्रिएलचं ते तिरकं अक्षर.

"आता उशीर चालतो की," मी म्हटलं. "नियम तूच बदललास."

"चालतो," तो मफलर सोडत म्हणाला. "पण घर वाटेतच आहे. आणि हॉर्न नाही दिला, रेमी झोपलाय. दारावर टकटक केली."