गोलीच्या बहिणीचा गूळ

हॉकी पाहायला बायकांनी जाऊ नये असं पुसदेत कुणी लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून मी आणि प्रभावती जायचो. लिहून ठेवलं असतं तरी गेलो असतो. तिचा भाऊ भीमराज कॉलेजच्या टीममध्ये सेंटर फॉरवर्ड होता आणि माझा धाकटा भाऊ उत्तमसिंग गोली, म्हणजे गोलकीपर. आम्ही दोघी शेजारणी. आमच्या भिंतीला भिंत लागून होती आणि दोन्ही घरांत मिळून भांडण एकच: सामना जिंकून देतो तो कोण, गोल करणारा की गोल अडवणारा? प्रभावती गोड बोलून आपलंच खरं करायची. मला गोड बोलता येत नाही. पण माझा आवाज मोठा, आणि हातभर बलिया, आम्हा बंजारा बायकांच्या त्या पांढऱ्या जाड बांगड्या. मी त्या एकमेकींवर आपटल्या की अर्ध्या मैदानाला ऐकू जायचं.

बासष्ट सालची संक्रांत होऊन गेली होती. यवतमाळच्या कॉलेजशी सामना ठरला. त्यांच्या पोरांचे बूट नवे, स्टिका नव्या, अंगातले सदरेसुद्धा एकसारखे. आमच्या पोरांचे सदरे एका रंगाचे होते असं लांबून वाटायचं. पण त्या दिवशी मला सामन्यापेक्षा मोठी काळजी होती. हरिसिंगकाका येणार होते.

हरिसिंगकाका आर्णीकडच्या एका तांड्यातले शेतकरी. त्यांची मुलगी लाली उत्तमच्या मनात भरली होती. माझ्या नणंदेच्या लग्नात दोघांनी एकमेकांना पाहिलं, आणि तेव्हापासून आमच्या या पहिलवानाचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. आईबाप गेल्यापासून तो माझ्याकडेच राहायचा, तेव्हा त्याचं लग्न जमवणं माझ्याच गळ्यात. पण काकांना दुसरीकडूनही मागणी आली होती, चांगल्या बागायतदाराच्या घरून. मुलगा एकदा पाहून घेतो आणि काय ते तोंडावर सांगतो, असा त्यांचा निरोप आला. हा म्हणजे नकाराचाच निरोप, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही.

आमच्यात लग्न नुसत्या बोलण्यानं ठरत नाही. तांड्याचा नायक आणि दोन्हीकडची जाणती माणसं यांच्यादेखत मुलीच्या बापानं मुलाकडचा गूळ खाल्ला की ठरलं. त्याला गोळ खाणं म्हणतात. एकदा खाल्ल्यावर माघार नाही. म्हणून मी आमच्या तांड्याचे नायक बाबूसिंग यांनाही बोलावून ठेवलं होतं. सामना झाला की सगळ्यांनी घरी यायचं, चहा घ्यायचा आणि मग बोलणं, असं ठरलं.

काका आपल्या तांड्यातले दोन म्हातारे घेऊन आले. पांढरी पगडी, भरघोस मिशा, चेहऱ्यावर सुरकुती हलेल तर शपथ. आमची बोली गोरबोली; इथे तुम्हाला कळावं म्हणून वऱ्हाडीत सांगते. मैदानाच्या कडेला ते नायकांशेजारी बसले आणि पाहू लागले.

"यातला तुहा भाऊ कोन्ता वो, पोरी?"

"तो काय, गोलात उभा हाय तो. पायाले मोठे पॅड बांधलेला."

काकांनी बराच वेळ पाहिलं. खेळ तेव्हा यवतमाळच्या बाजूला चालला होता. भीमराज धावत होता, बाकीचे धावत होते, अंपायरसुद्धा धावत होता. आमचा उत्तम गोलात एकटाच उभा राहून नाक खाजवत होता.

"बाकीचे पळून राह्यले. हा काहून उभा हाय?"

"राखण करते तो, काका."

"राखन त बुजगावनंही करते," काका म्हणाले.

दोन्ही म्हातारे हसले. नायकसुद्धा मिशीत हसले. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की प्रभावतीनं माझा हात धरून ठेवला. "चूप बस वं," ती कानात म्हणाली, "पोराचा सासरा हाय." मी चूप बसले. तसं बसणं मला किती जड जातं ते माझ्या घरधन्याला विचारा.

भीमराजनं पहिला गोल केला. प्रभावती टाळ्या वाजवत म्हणाली, "पाह्यलं?" आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू गोल तिनंच केला. मग यवतमाळनं एक फेडला. त्यांचा एक लंबूटांग्या फॉरवर्ड होता, त्यानं तो मारला. चेंडू उत्तमच्या पायांमधून गेला. काकांनी नुसतं त्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं.

खेळ संपत आला तेव्हा भीमराजनं कुठून कसा चेंडू काढला देव जाणे, दुसरा गोल झाला. दोनास एक. आता फक्त टिकवायचं होतं. यवतमाळची सगळी पोरं आमच्या गोलावर तुटून पडली. उत्तमनं एक पायानं अडवला, एक स्टिकनं. तिसरा अडवताना घसरून पडला, आणि पडला तो नेमका चेंडूवर. बरं, पडला तर उठावं ना! कोंबडी अंड्यावर बसावी तसा बसून राहिला. चारी बाजूंनी स्टिका, आणि खाली हा.

अंपायरची शिट्टी वाजली. पेनल्टी बुली!

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"चेंडू अंगाखाली दाबून बसता येत नाही, काका. आता दोघंच खेळतीन. आपला उत्तम आन् त्यांचा एक. बाकीचे सारे दूर. त्यानं चेंडू गोलात घातला त बरोबरी, उत्तमनं बाहेर काढला त आपन जिंकलो."

"दोघंच?"

"दोघंच."

काका उठून उभे राहिले. मैदान रिकामं झालं. गोलापुढे चेंडू ठेवला, एका बाजूला तो लंबूटांग्या, दुसऱ्या बाजूला पॅड बांधलेला माझा भाऊ. दोघांनी आपापली स्टिक जमिनीवर टेकवली, मग एकमेकांच्या स्टिकवर टक केली. पुन्हा जमीन, पुन्हा टक. आई असती तर तिनं डोळे मिटले असते, मी मिटले नाहीत. तिसरी टक झाली आणि दोघंही चेंडूवर झडपले.

लंबूटांग्यानं चेंडू ओढला. उत्तम चुकला. चेंडू गोलाकडे सरकू लागला आणि माझ्या शेजारून एक आवाज फुटला, असा की माझा आवाज त्यापुढे काहीच नाही.

"पळ ना रे बुजगावन्या!"

हरिसिंगकाका! पगडी सुटून खांद्यावर आलेली, दोन्ही हात वर. आणि उत्तम पळाला कुठला, त्यानं पॅडांसकट आडवं अंग टाकलं आणि रेषेवर पोचलेला चेंडू स्टिकच्या टोकानं असा भिरकावला की तो थेट बाजूच्या बाभळीत गेला. अंपायरनं शिट्टी फुंकली. संपलं!

पुढचं मला नीट आठवत नाही. जिंकलो तर मैदानावरच गूळ वाटीन असं मी मनाशी बोलले होते, आणि पदरात भेलीचा चांगला मोठा तुकडा बांधून आणला होता. तो फोडला आणि जो दिसेल त्याच्या तोंडात घालत सुटले. भीमराजच्या, अंपायरच्या, यवतमाळच्या त्या लंबूटांग्याच्यासुद्धा, कारण रडवेलं झालं होतं बिचारं. नायकांच्या तोंडात घातला. शेजारी काका आ वासून ओरडतच होते. त्यांच्याही घातला.

काकांनी तोंड मिटलं, दोनदा चघळलं आणि थांबले.

नायकांनी हातातली काठी जमिनीवर टेकली. "हरिसिंग, काय खाल्लं तू?"

"गूळ."

"कोनाच्या हातचा?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "पोराच्या बहिनीच्या."

"कोनापुढं?"

काकांनी आपले दोन म्हातारे पाहिले, आमचे नायक पाहिले. आता मला उमगलं मी काय करून बसले ते.

"थुकून टाक," त्यांच्यातला एक म्हातारा पुटपुटला. "मॅचचा गूळ तो. त्याचं काय धरतं?"

मला आयतीच संधी होती. गप्प बसले असते तर सगळं जमून गेलं असतं. पण माझ्या भावाचं लग्न असं चोरून जमवायचं? आज त्यानं सगळ्यांसमोर चेंडू अडवला, आणि लाली त्याच्या घरात यायची ती फसवून? माझा जीव तुटत होता, तरी मी बोलले.

"काका, मी भुलली. जिंकल्याच्या खुशीत घातला, तुमाले फसवाले नाही. तुमी नाही म्हना, नायकापुढं मीच सांगतो का हा गोळ नव्हता म्हनून."

काका हळूहळू चघळत राहिले. मग त्यांनी गूळ गिळला. सगळ्यांदेखत गिळला. आणि कमरेला हात घालून धोतराच्या सोग्यात बांधलेलं एक फडकं काढलं.

"सकाळी निंगतानी लालीनं हे बांधून देल्लं," ते म्हणाले. "म्हने, बापू, रस्त्यात भूक लागंल. म्या म्हटलं, मोटारीत बसून जाचं, भूक कायची लागते? तरी देल्लं. सोडून त पाहू, पोरीनं काय देल्लं ते."

त्यांनी गाठ सोडली. आत भाकर नव्हती, चटणी नव्हती. नुसता गूळ होता, चांगला पिवळाधमक.

काका त्या गुळाकडे पाहत राहिले. मग त्यांच्या मिशा हलू लागल्या. मला वाटलं रागावले. पण ते हसत होते, इतके की डोळ्यांतून पाणी आलं. "मी पोरगा पाह्याले आलो," ते म्हणाले, "आन् पोट्टीनं घरूनच गोळ धाडला! सांगाव नं बापाले तोंडानं. पन नाही, बापाले भेते ना ते."

त्यांनी खडा फोडून आधी नायकांना दिला, मग दोन्ही म्हाताऱ्यांना. उरलेला सगळाच्या सगळा माझ्या तोंडात कोंबला.

तेवढ्यात उत्तम आला. गुडघे सोललेले, पॅड सुटून लोंबणारे. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. काका हसताना पाहून तो घाबरलाच.

"बाई," त्यानं मला हळूच विचारलं, "काका काय म्हनले? नाहीच म्हनले नं?"

मी, जी कधी गप्प बसत नाही, तिच्या तोंडात गूळ होता आणि डोळ्यांत पाणी. एक शब्द फुटेना. प्रभावती पाठ वळवून हसत होती. मी नुसत्या बलिया वाजवल्या.

"काहून उभा हायेस बुजगावन्यासारखा?" हरिसिंगकाका त्याच्यावर ओरडले. "सासऱ्याच्या पाया पड ना!"