मंजूचा पिसारा

आमच्या बैठकीत काचेच्या कपाटावर कुंडी होती, ती मंजूची. मंजू म्हणजे मंजिरी, आमची लेक. तीन वर्षांपूर्वी तापानं गेली. लग्न व्हायचं होतं. फूलबागेजवळच्या नर्सरीतून तिनं ते रोप आणलं आणि नाव सांगितलं अस्परॅगस फर्न. माझी शाळा चौथीपर्यंतची, ते नाव माझ्या तोंडात बसेना. मी त्याला पिसारा म्हणायची. होतंच तसं. पानं म्हणावीत तर पानं नाहीत, नुसती मऊ हिरवी पिसं, एकावर एक थर. उंचावर ठेवायचं हेही मंजूचंच डोकं. "आईसाहेब, हे असं काचेवर सांडलं पाहिजे, तर शोभा." आणि सांडलं. कपाटाला हिरवी झालर आली. येणारा-जाणारा हातातला चहा विसरून तिकडे बघायचा.

ती गेल्यावर ते झाड यांनी घेतलं. हे म्हणजे मल्हारराव, आमचे यजमान, मुलांचे आबासाहेब. मंजूचा विषय त्यांनी घरात पुन्हा काढला नाही, कुणी काढला तर उठून जायचे. पण सकाळी स्टुलावर चढून त्या झाडावर पाण्याचा फवारा मारणार, पिवळी पडलेली काडी कात्रीनं बुडापासून काढणार, ऊन नको पण उजेड हवा म्हणून खिडकीचा पडदा अर्धाच ओढणार. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. मी तर जवळही जात नव्हते. मला ते बघवायचं नाही.

त्याच स्टुलावरून गेल्या उन्हाळ्यात पडले. खुब्याचं हाड मोडलं. कंपू भागातल्या इस्पितळात ठेवलं, मी त्यांच्याजवळ. तिथे त्यांनी जेवण सोडलं. खिचडी पुढे केली की तोंड फिरवायचे. "झाड कसंय ते आधी सांगा."

"झाडाला काय धाड भरली आहे? तुमचं हाड मोडलंय."

"मला आता चढता यायचं नाही. वाळेल ते."

मग मी तोड काढली. म्हटलं, कुंडी कपाटावरून उतरवून तुमच्या पलंगापाशी ठेवायला सांगते. पडल्या पडल्या फवारा मारा. तेव्हा कुठे चार घास पोटात गेले. म्हणाले, "तिचं एवढंच राहिलंय, शालिनीबाई. सांभाळा."

लगेच घरी फोन लावला. फोन घेतला सोनिकानं. सोनिका आमच्या मुलाची, यशोधनची बायको, मुरैन्याची, हिंदी घरातली. येऊन वर्ष झालं. मराठी समजते अर्धी, बोलते पाव. आणि आमच्या घरात मराठीच चालते. आमचे पूर्वज मराठी फौजेबरोबर दख्खनेतून इथे उत्तरेत आले, भाषा टाकून नाही आले. शिकायचं तर शीक, नाहीतर गप्प बस, असं मी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

"सोनिका, कपाटावरची कुंडी खाली कर."

"खाली? आईसाहेब, पूरी खाली?"

"पुरी नाही तर काय अर्धी? मध्येच लोंबकळत ठेवणार आहेस?"

"पर वो तो दीदी की..."

"कुणाची ते मला शिकवू नकोस. आबासाहेबांनीच सांगितलंय. कर, आणि त्यांच्या पलंगापाशी चौरंगावर ठेव. नीट पुसून ठेव."

"जी."

चौथ्या दिवशी घरी सोडणार असं डॉक्टर म्हणाले, म्हणून आदल्या दुपारी मी घर बघायला आले. पलंगावर धुतलेली चादर. शेजारी चौरंग. चौरंगावर कुंडी. घासून, धुऊन, वरून गेरूचा हात दिलेला. आत काही नाही. बूड दिसत होतं, पाणी जायचं भोक दिसत होतं.

"झाड कुठंय?"

सोनिका पदर सावरत उभी. "आपने कहा था ना, खाली कर दो। मैंने दो बार पूछा भी।"

तो शब्द मी तिच्या तोंडून ऐकला तेव्हा कळलं. खाली. माझ्या घरात खाली म्हणजे जमिनीवर, तिच्या माहेरी खाली म्हणजे रिकामं. आणि नवल असं की इंदरगंजच्या वाण्याला मी स्वतः "डिब्बा खाली कर दो" म्हणते. दुकानात जो शब्द कळतो तो घरात कळला नाही. कळणार कसा? घरात मी मराठीच बोलते ना.

"अगं, जितं झाड उपटताना तुझ्या हाताला काही वाटलं नाही?"

"मुझे लगा आबासाहेब उसी की वजह से गिरे, तो हटवा रहे हैं। निकल भी नहीं रहा था। खुरपी से निकाला। जड़ों में सफेद-सफेद गाँठें थीं, मुझे लगा कीड़े पड़ गए।"

"टाकलंस कुठे?"

"कचरागाडी ले गई।"

ती रडायला लागली. मी म्हटलं, "डोळे पूस. रडून मुळं फुटत नाहीत. चल, चप्पल घाल."

रिक्षा करून दोघी फूलबागेकडे गेलो. नर्सरीत पिसारे रांगेनं मांडलेले होते. त्यातला सगळ्यांत भरलेला उचलला. घरी येऊन त्याच कुंडीत लावला. गेरू नवा दिसत होता, म्हणून सोनिकानं त्यावर ओली माती चोळली. पिसं विंचरून पुढे ओढली. लांबून बघितलं. यांना मोतीबिंदू, दुपारीसुद्धा अंधुक दिसतं. चालून जाईल असं दोघींनाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना स्ट्रेचरवरून आणून पलंगावर ठेवलं. उशी नीट व्हायच्या आत हात झाडाकडे गेला. मी बोलत सुटले. उन्हानं थोडं झडलं, मग मी छाटलं, छाटलं की ही जात नव्यानं फुटते, नर्सरीवाल्यानंच सांगितलंय. त्यांची बोटं पिसांतून आत गेली, काडीच्या बुडाशी पोचली आणि तिथे वर-खाली फिरत राहिली.

जुन्या काड्यांना बुडाशी बारीक वाकडे काटे असायचे. सकाळी एखादा टोचला की हे म्हणायचे, "मंजे, नखं काप." मी स्वयंपाकघरातून ऐकायची. मी ऐकते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"याला नखं नाहीत," ते म्हणाले.

"छाटलं म्हणून..."

"शालिनी."

लग्न झाल्यापासून कधी नुसतं नाव घेतलं नव्हतं त्यांनी. बाई लावल्याशिवाय नाही.  मी गप्प झालेली सोनिकानं पहिल्यांदाच बघितली असेल. ती दारातून म्हणाली, "आबासाहेब, मैंने फेंक दिया. माझी चूक."

"कुणी सांगितलं तुला?"

 माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, पोरगी. जमिनीकडे बघत होती.

"मी सांगितलं," मी म्हटलं. "कुंडी खाली कर म्हटलं."

जन्मभर हिंदी दफ्तरात कारकुनी केलेला माणूस. त्यांना उलगडायला वेळ लागला नाही. ओठ हलले, हसतील असं वाटलं. हसू आलं नाही.

"म्हणजे गेली," ते म्हणाले.

झाड 'गेलं' असतं. ते 'गेली' म्हणाले. तीन वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द निघाला नव्हता. मग हात झाडातून काढून घेतला आणि चादरीवर उपडा ठेवून रडले. मोठ्यानं. खुबा हलायचा आणि दुखायचं, तरी थांबेनात. मी त्यांचा खांदा धरला.  सोनिका पायाशी बसून त्यांचा पाय हलू नये म्हणून धरून राहिली.

थांबले तेव्हा म्हणाले, "हे माझ्यासमोर नको."

"बाहेर ठेवू?"

"उन्हात मरेल. आत ठेवा. मला दिसणार नाही असं."

सोनिकानं ते आपल्या खोलीत नेलं, कुंडीसकट. आता आठ महिने होत आले. हे काठी घेऊन बैठकीपर्यंत येतात, कपाटाकडे पाठ करून बसतात. झाडानं चांगलं मूळ धरलंय म्हणे, खिडकीच्या गजाला वेढे घालायला लागलंय. तिला अजून त्यातलं नीट कळत नाही. मधूनमधून हाक मारते, "आईसाहेब, पाणी किती घालू?"

मी सांगते, मातीत बोट घालून बघ, ओली लागली तर नको, आणि पिवळी काडी ओढू नकोस, काप. दारातूनच सांगते. आत जात नाही.