किल्लीचा फोटो

कुलूपवाल्यांच्या फोनला कुलूप नव्हतं. हे ऐकून लोक हसत, आणि कुलूपवाले त्या हसण्याला दाद समजत. "दिवसभर लोकांची कुलपं बसवायची आणि वर स्वतःच्या खिशालाही एक लावायचं? माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" असं ते विचारत. शिवाय कानशीने बोटं इतकी घासली गेली होती की फोनला त्यांचे ठसे ओळखू येत नसत, आणि आकडे दाबत बसायचा त्यांना मनापासून कंटाळा होता.

लपवण्यासारखं त्यांचं स्वतःचं खरंच काही नव्हतं. जे होतं ते दुसऱ्यांचं होतं, म्हणून ते त्यांनी कधी हिशेबात धरलं नाही.

त्यांची कामाची एक पद्धत होती. दाराला नवं कुलूप बसवलं की ते किल्ली मोजपट्टीशेजारी ठेवून, दाते स्वच्छ दिसतील असा तिचा फोटो काढत. पुढचा फोटो दाराचा, नावाच्या पाटीसकट. उद्या किल्ली हरवली तर गिऱ्हाइकाने नुसतं कळवायचं. फोटो बघून कुलूपवाले तशीच किल्ली कापून देत. दार उचकटायला नको, कुलूप बदलायला नको. सेवा असावी तर अशी, असं किल्ली हरवलेले सगळे म्हणत. इतक्या घरांत शिरायची सोय एका माणसाच्या शर्टाच्या खिशात घेऊन फिरतेय, असं कुणी म्हणत नसे. चांगल्या सोयीबद्दल असं बोलणं बरं दिसत नाही.

एकदा परगावच्या कारखान्यात नवी कुलपं पाहून ते दुपारच्या बसने परतत होते. फोन शेवटच्या घटका मोजत होता. शेजारच्या गृहस्थांनी आपली पॉवर बँक पुढे केली. "लावा की, त्यात काय." वायर आखूड होती, म्हणून फोन गृहस्थांच्या बॅगेतच ठेवावा लागला. कुलूपवाल्यांनी आभार मानले, मान मागे टाकली आणि घोरू लागले. जाग आली तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. गृहस्थ मधल्याच कुठल्याशा थांब्यावर बॅग घेऊन उतरले होते. बॅगेत फोन आहे, हे त्यांच्याही ध्यानात नसावं.

कुलूपवाल्यांची बायको घरीच पाळणाघर चालवायची. मुलं तिला काकू म्हणत, म्हणून सगळी गल्लीच काकू म्हणे. दुसऱ्या दिवशी काकूंना नवऱ्याच्याच नंबरावरून फोन आला.

"वहिनी, घाबरू नका, फोन माझ्याकडे आहे," गृहस्थ म्हणाले. "उघडाच होता म्हणून बरं झालं बघा. कुणाचा ते शोधायला आम्ही सगळे फोटो पाहिले. घरात पाहुणे होते, तेही लागले शोधायला. तुमची मुलं फार गोड आहेत हो. ती पिवळ्या फ्रॉकातली तर काय विचारूच नका. एवढी सगळी तुमचीच?"

"नाही," काकू म्हणाल्या. "लोकांची आहेत."

"असं होय. आणि किल्ल्यांचे फोटो कशाला हो इतके? आमच्या मेव्हण्यांना भारी नवल वाटलं."

काकूंनी फोन परत कसा मिळेल एवढंच विचारलं. पोचता करतो, असं गृहस्थ म्हणाले. गृहस्थांनी शब्द पाळला, फोन बसकंपनीच्या कार्यालयात नेऊन दिला. तिथे तो टेबलावर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताशी पडून राहिला. कुलूपवाले तो घेऊन घरी आले तेव्हा परीक्षा पास झाल्यासारखे खुशीत होते.

पाळणाघरातली मुलं नुकतीच झोपली होती. या घरात दुपारी भांडायचं तर कुजबुजत भांडावं लागे.

"बघ, जगात चांगली माणसं आहेत अजून," कुलूपवाले म्हणाले.

"हळू. आहेत ना. पण तुम्ही कुलपं विकता ती चांगल्या माणसांसाठी का?"

"उगाच बाऊ करतेस. फोन आला ना परत?"

"फोन आला. लोकांनी पाहिलं ते कसं परत येणार? मला एक सांगा, त्या फोटोवरून तुम्ही किल्ली कापता की नाही?"

"मला येतं ते."

"आणि जगात तुम्ही एकटेच कुलूपवाले?"

यावर हो म्हणायचा त्यांना मोह झाला. कडेचं एक मूल कुशीवर वळलं, तशी दोघंही थांबली.

"गिऱ्हाइकांना सांगितलं तर धंदा बसेल माझा," ते शेवटी म्हणाले. "आणि व्हायोलिनच्या बाईंना काय तोंड दाखवू?"

व्हायोलिनच्या बाई म्हणजे कोपऱ्यावरच्या घरात एकट्या राहणाऱ्या, मुलींना वाजवायला शिकवणाऱ्या बाई. त्या झोपलेल्या असताना कुणीतरी दार उघडून घरात फिरून गेलं होतं. नेलं काहीच नाही, पण तेव्हापासून बाईंना दिवे लावून बसून राहावं लागे. कुलूपवाल्यांनी नवं कुलूप बसवलं आणि त्यांचा डोळा लागू लागला. ही गोष्ट कुलूपवाले नव्या गिऱ्हाइकांना जाहिरातीसारखी सांगत.

"त्यांची झोप मोडू?" ते म्हणाले.

"त्या आपल्या भरवशावर झोपणार, आणि तो भरवसा पोकळ आहे हे फक्त आपल्याला माहीत. असं चालेल तुम्हाला?" काकूंनी एका मुलाचं पांघरूण सारखं केलं. "माझंही चुकलंच. तुमच्या फोनमध्ये फोटो छान येतात म्हणून मुलांचे मीच काढले. संध्याकाळी आया न्यायला येतील, तेव्हा मी सांगणार आहे."

"आणि उद्यापासून कुणी मूल आणून सोडलंच नाही तर?"

"तर दुपारी आपल्याला मोठ्याने भांडता येईल."

संध्याकाळी काकूंनी खरोखर एकेकीला बाजूला घेऊन सांगितलं. कुलूपवाले आतल्या खोलीतून ऐकत होते. कुणी म्हणालं, होतं असं कधी कधी. पिवळ्या फ्रॉकवालीच्या आईने मात्र मुलीला उचललं, खुंटीवरची तिच्या जादा कपड्यांची पिशवीही काढून घेतली आणि गेली. काकू दारात उभ्याच राहिल्या. कुलूपवाल्यांनी हत्यारांची पिशवी उचलली.

वाटेत त्यांना एक नामी युक्ती सुचली. सांगायचंच कशाला? 'कंपनीची योजना आहे, जुनं कुलूप मोफत बदलून मिळतंय,' असं म्हणायचं आणि काम उरकायचं. कुलूप बदलेल, बाई झोपतील, धंदाही राहील. बाईंच्या दारात त्यांनी तशी सुरुवातही केली. आत एक मुलगी तारांवर करवत चालवत होती.

"मोफत?" बाई म्हणाल्या. "किती काळजी घेता हो तुम्ही माझी."

कुलूपवाल्यांनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

"योजना वगैरे काही नाही," ते म्हणाले, आणि बसमधल्या डुलकीपासून सगळं सांगून टाकलं. आतलं व्हायोलिन थांबलं.

"कुणी कुणी पाहिलं?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"माझ्या किल्लीचा फोटो तुमच्या खिशात असतो, हेच मला माहीत नव्हतं. तुम्ही विचारलं नव्हतंत."

"नव्हतं विचारलं," कुलूपवाले म्हणाले. ही चूक तर काकूंच्याही ध्यानात आली नव्हती!

त्यांनी जुनं कुलूप उतरवलं, नवं बसवलं, किल्ल्या बाईंच्या हातात दिल्या आणि त्यांच्यासमोर फोटो पुसून टाकला. "आता किल्ली हरवली तर कुलूपच तोडावं लागेल. त्रास होईल."

"होऊ दे," बाई म्हणाल्या. त्यांनी क्षमा केली नाही. कुलूपवाल्यांनीही ती मागितली नाही. मागायचा हक्क आहे की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

वाचकहो, आपल्या फोनमध्ये किल्ल्या नसतील. पण भावाच्या आजाराचे अहवाल असतात, मैत्रिणीने रडत पाठवलेले निरोप असतात, भाचीच्या शाळेचा पत्ता असतो. प्रवासाला निघताना या सगळ्यांना आपण बरोबर नेतो आणि त्यांना विचारतही नाही. म्हणून फोनला नीट कुलूप लावावं, वाटेत लागणार नाही ते आधीच काढून ठेवावं, परक्याच्या बॅगेत फोन सोडून डोळे मिटू नयेत. आणि हरवलाच, तर तो सापडल्याचा आनंद करण्याआधी ज्यांचं त्यात काही होतं त्यांना सांगावं. त्यात आपली अब्रू थोडी जाते. जाऊ द्यावी. दुसऱ्याचं घर उघडं टाकून राखलेली अब्रू फार दिवस पुरत नाही.

कुलूपवाल्यांनी पुढच्या घराची घंटा वाजवली. जुन्या गिऱ्हाइकाने दार उघडलं आणि तोंडभर हसून म्हटलं, "अरे वा, तुम्ही! या ना आत."

कुलूपवाले उंबऱ्याबाहेरच थांबले. "आधी माझं ऐकून घ्या," ते म्हणाले. "मग आत घ्यायचं की नाही ते ठरवा."